मायग्रेन, आखडलेली मान आणि शिलाई मशीन: व्यायामाने खरंच फरक पडतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी भुसावळची, घरीच शिलाईकाम करते, ब्लाउज, ड्रेस, पिको-फॉल असं. मला मायग्रेन आहे, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं आहे, म्हणजे ते निदान बरोबर का चूक हा माझा प्रश्न नाहीये. डाव्या बाजूने ठणके मारतात, मळमळतं, उजेड नको होतो, शेजारी कोणी लाल मिरचीची फोडणी दिली तरी उठून दार लावावं लागतं. एकदा धरलं की अख्खा दिवस गेला म्हणून समजा, कधीकधी दुसराही. गोळी दिलेली आहे, वेळेवर घेतली तर आटोक्यात राहतं.

आता खरा प्रश्न. डोकं चढायच्या आधी माझी मान आखडते, कवटीच्या खाली दोन्हीकडून, आणि लग्नसराईत तर हे जास्तच, कारण रात्री उशिरापर्यंत मांडीवर ब्लाउज घेऊन हूक लावत बसायचं. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, तू वाकून बसते म्हणून डोकं दुखतं, सरळ बसत जा, व्यायाम कर. बरं, केला व्यायाम. सकाळी उठून चहाच्या आधीच झपाझप चालून आले, तर बऱ्याच वेळा घरी येईपर्यंत ठणका सुरू, मग कशाचा व्यायाम न कशाचं काय. जाऊबाई म्हणतात मान मोडून घे, त्यांच्या ओळखीचा एक जण आहे, कडकड दोन आवाज काढतो आणि माणूस मोकळा. मला भीती वाटते बुवा.

तर ज्यांना खरंच मायग्रेन आहे (ॲसिडिटीने डोकं दुखणारे नकोत, रागावू नका) त्यांनी सांगा, बसण्याची पद्धत बदलून अटॅक कमी झाले का? आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा चालायचं तरी कधी?

मेहरूणकर
ताई, मी जळगावला सोन्याचं बारीक काम करतो, दिवसभर मान खालीच. टेबल उंच करून घेतलं, त्याने मानेची रग बरीच उतरली पण अटॅक यायचे ते येतच होते. फरक पडला तो रोज संध्याकाळी मेहरूण तलावावर चालायला लागल्यावर, आणि तोही लगेच नाही, दोन-अडीच महिने काहीच वाटलं नव्हतं. मध्येच सोडून देणार होतो.

फिजिओ धुळे
ताई, मायग्रेनमध्ये मान आखडणं हा बऱ्याच जणांत येणाऱ्या अटॅकचाच भाग असतो. चेहऱ्याकडून येणारी ट्रायजेमिनल नर्व्ह आणि मानेच्या वरच्या भागातल्या नर्व्ह मेंदूच्या बुडाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात, म्हणून दुखतं डोक्यात आणि कळ मानेत जाते, किंवा उलट. म्हणजे मान दुखली म्हणून डोकं दुखलं असं दरवेळी नसतं. ताठ बसून मायग्रेन मुळातून जाणार नाही, पण मानेवरचा ताण कमी झाला तर एक त्रास तरी कमी. हूक लावताना मांडीवर जाड उशी ठेवा म्हणजे काम डोळ्यांजवळ येईल, मशीनचा दिवा डोळ्यावर येऊ देऊ नका, अर्ध्या तासाने उठा. हनुवटी सरळ मागे घ्यायची, खाली नाही, पाच सेकंद धरायची, सोडायची, असं दहा वेळा.

खरा फायदा दम लागणाऱ्या व्यायामाचा. स्वीडनमध्ये 91 मायग्रेनच्या पेशंटवर अभ्यास झाला होता, 2011 साली छापून आला. एक गट आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं व्यायाम, एक रिलॅक्सेशन आणि एक टोपिरामेट नावाची, अटॅक येऊ नयेत म्हणून रोज घ्यायची गोळी. तीन महिन्यांनी तिन्ही गटांत अटॅक कमी झाले होते आणि गटागटांत फारसा फरक नव्हता. त्या 40 मिनिटांत पहिली 15 नुसती वॉर्मअपची होती बरं का, तुम्ही उठल्याउठल्या झपाझप निघता तिथेच गडबड होत असणार. आणि अटॅक चालू असताना व्यायाम अजिबात नको, हालचालीने ठणका वाढणं हे मायग्रेनचं लक्षणच आहे.

मान मोडून घेऊ नका. कडकड झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्या केसेस आहेत, क्वचित होतं पण कशाला ती रिस्क.

खान्देशी पोऱ्या
उपाशी पोटे नको चालू वं ताई. मनी मायले बी असंच व्हये. एखादं केय खाई ले, पाणी पी, मंग जाय.

शिलाईवाली (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. केळी तर घरात घडाने असतात, ते जमेल. उन्हाळ्यात दिवे लागल्यावर गच्चीवरच फेऱ्या मारीन, रस्त्यावरून समोरच्या गाड्यांचे लाइट डोळ्यावर येतात ते मला चालत नाही. फिजिओ दादा, दोन गोष्टी राहिल्या. लग्नसराईत काम अडू नये म्हणून मी मेडिकलवरून साधी डोकेदुखीची गोळीपण घेते, डॉक्टरांच्या गोळीशिवाय वेगळी. आणि चतुर्थीचा उपास चंद्र उगवेपर्यंत कडक असतो, त्या दिवशी चालावं का?

फिजिओ धुळे
गोळ्यांचं कॅलेंडरवर टिपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. साधी पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (अटॅक आल्यावर घ्यायची मायग्रेनची खास गोळी) किंवा मिक्स गोळ्या (एकात दोन-तीन औषधं असलेल्या) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीमुळेच रोज डोकं दुखायला लागू शकतं, मग कितीही चाला. चतुर्थीला सुट्टी घ्या, आणि उपाशी राहिल्याने अटॅक येत असेल तर कडक उपासाऐवजी फळं-दूध चालतं का ते घरात बोलून बघा. एक महत्त्वाचं, अचानक आयुष्यात कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, ताप येऊन मान वाकेनाशी झाली, हातपाय लुळे वाटले किंवा बोलताना जीभ अडखळली तर व्यायाम, गोळी काही नाही, सरळ हॉस्पिटल.

मेहरूणकर
गच्चीवर फेऱ्या मारायच्या तर सात वाजता जाऊ नका ताई, मे महिन्यात फरशी तेव्हाही तापलेली असते. नऊनंतर बरं.