बॉम्ब टाकायला मुलकी मंजुरी लागायची, म्हणून ब्रिटिशांचं इराकमधलं 'हवाई नियंत्रण' सौम्य ठरतं का?

वाटसरू (धागाकर्ता)
१९२० चं बंड मोडताना इराकमध्ये ब्रिटिशांचा पैसा पाण्यासारखा गेला. मार्च १९२१ मध्ये वसाहतमंत्री चर्चिल यांनी कैरोला बैठक घेतली आणि ऑक्टोबर १९२२ पासून देशाची लष्करी सूत्रं रॉयल एअर फोर्सच्या जॉन सॅल्मंडकडे गेली. आठ स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या), चिलखती गाड्या, थोडं पायदळ. मोठ्या फौजेऐवजी मुख्यतः विमानांच्या धाकाने देश ताब्यात ठेवायचा, हेच ते 'हवाई नियंत्रण'. कौतुक करणारे दोन गोष्टी सांगतात: स्वस्त पडलं, आणि विमानांवर मुलकी लगाम होता. दुसरी मला पटत नाही. जिल्ह्यातला अधिकारी मागणी करणार, कागद बगदादला जाणार, हायकमिशनर (तिथला सर्वोच्च ब्रिटिश मुलकी अधिकारी) मंजुरी देणार, इशाऱ्याची पत्रकं पडणार, मग बॉम्ब. म्हणजे समन्स, जप्ती आणि त्याच्या पुढची पायरी बॉम्ब! १९२३ च्या अखेरीस दक्षिण इराकमधल्या समावाजवळच्या बनी हुचैम टोळ्यांवर बॉम्ब पडले ते करांच्या नि सरकारी हुकूम न मानण्याच्या भांडणातून. युद्ध कुठं होतं तिथं?

किल्लेदार
असहमत. पर्याय काय होता ते बघा. पायदळ गेलं की गावं जाळायची, उभी पिकं कापायची, गुरं हाकून न्यायची. १९२५ मध्ये हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या वझिरिस्तानात विंग कमांडर पिंकने ५४ दिवस फक्त विमानं वापरली. ब्रिटिशांची दोन माणसं गेली आणि तिथले मेहसूद टोळीवाले तडजोडीला आले. आणि मंजुरी, पत्रकं यांना नावं ठेवताय, तर ती नसतात तेव्हा काय होतं? १४ एप्रिल १९१९, गुजरानवाला. विमानातून शहरावर आणि आसपासच्या खेड्यांतल्या लोकांवर बॉम्ब नि मशीनगन. कसली नोटीस नि कसलं काय.

वाटसरू
अहो, गुजरानवाल्याला विमानं मागवली कुणी? पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर. मुलकी प्रमुखच की तो!

शेवंती
दोघंही मंजुरीवर अडलात. खरी गोम माहितीत आहे. वरून बघणाऱ्याला एक टोळी दुसरीपासून ओळखू येत नाही, म्हणून हवाई दलाने स्पेशल सर्व्हिस ऑफिसर नेमले. अरबी जाणणारे, टोळ्यांत वावरणारे. पुढे जॉर्डनच्या अरब लीजन या फौजेमुळे गाजलेला ग्लब त्यांतलाच. समावाच्या त्या भागात आधी हिंडून नकाशे त्यानेच काढले. पाहुणा म्हणून गावं बघायची आणि तीच नकाशावर मांडायची. विमानं नि जमिनीवरची माणसं यांचा 'समन्वय' म्हणतात तो हा. दिवानियाच्या दवाखान्यात बॉम्बने जखमी झालेले लोक पाहून चार्लटन या वरिष्ठ हवाई अधिकाऱ्याने इराकमधलं पद सोडलं. पद्धत मात्र चालू राहिली. वर १९३३ मध्ये जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत हवाई बॉम्बवर बंदीची चर्चा झाली, तेव्हा ब्रिटनने दूरच्या प्रदेशांतल्या 'पोलिसी' कामासाठी सवलत मागितली.

किल्लेदार
जिनिव्हाचं मान्य, तो निव्वळ दुटप्पीपणा. पण विमानं नसती तर इराक धरून ठेवायला पुन्हा हिंदी पलटणीच गेल्या असत्या. १९१६ ला इराकमधल्याच कूतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणींचे काय हाल झाले ते विसरलात? विमानांमुळे जे शिपाई वाचले त्यांचा हिशेब धाग्यात कुणीच धरलेला नाही.

वाटसरू
धरू की. मग हेही धरा: १९३३ मध्ये हिंदी हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन निघाली आणि तिची वापिती विमानं पुढे वझिरिस्तानातच पाठवली गेली. ती कुठल्या रकान्यात लिहायची?