पीएचपी साईटच्या लेआउटसाठी साधं इन्क्लूड पुरे, की ट्विग-ब्लेडसारखं टेम्प्लेट इंजिन हवंच?

लातूर_अडतलाईन
2023 ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. ज्यांचा पत्ता एकाच फूटरच्या फाईलमध्ये होता, त्यांचं काम एका ओळीत उरकलं. एका क्लासच्या साईटवर मात्र फूटर पानोपानी चिकटवलेला होता. त्यांनी सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं आणि जुन्या नावाचे ईमेल पत्ते, लिंका सगळ्या मोडल्या. त्यामुळं लेआउट, म्हणजे सगळ्या पानांना सारखा असणारा सांगाडा, एका जागी हवा, यात वादच नाही.

पण त्यासाठी टेम्प्लेट इंजिन, म्हणजे पानाचे साचे लिहायची वेगळी लायब्ररी, कशाला? रास्मुस लर्डॉर्फनं 1995 ला पीएचपी ही भाषा बाहेर काढली तीच होमपेज बनवायला. ओबी-स्टार्टनं पानाचा मजकूर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, घ्या, ओबी-गेट-क्लीननं व्हेरिएबलमध्ये धरा आणि शेवटी लेआउटची फाईल रिक्वायर करा, म्हणजे इन्क्लूडसारखीच पानात ओढून घ्या. शीर्षक, मेनू, फूटर एका जागी आले. अडत दुकानाच्या साईटवर सोयाबीन-तुरीचे भाव आणि चौकशीचा फॉर्म, एवढंच असतं. तिथं लायब्रऱ्या उतरवून देणारा कंपोझर नको.

नांदेड_बॅकएंड
दादा, त्या चौकशीच्या फॉर्ममध्येच गोम आहे. नावाच्या रकान्यात कुणी स्क्रिप्ट टॅग, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, टाकला आणि तुम्ही तो तसाच एको केला, म्हणजे पानावर छापला, तर मालक चौकशांची यादी उघडतील तेव्हा ती स्क्रिप्ट त्यांच्याच ब्राउझरमध्ये चालणार. साध्या पीएचपीत एस्केपिंगसाठी, म्हणजे टॅगच्या खुणा साधा मजकूर म्हणून दिसाव्यात यासाठी, दर ठिकाणी एचटीएमएल-स्पेशल-चार्स हे फंक्शन आठवणीनं लावावं लागतं. ट्विगमध्ये आणि ब्लेडच्या दुहेरी महिरपी कंसात ते आपोआप लागतं. कच्चं छापायचं असेल तर मुद्दाम वेगळं लिहावं लागतं. विसरलात तरी पान सुरक्षित राहतं, मला हेच मोलाचं वाटतं. वेगाची भीती नको, दोन्ही इंजिनं टेम्प्लेटचं साधं पीएचपी करून साठवून ठेवतात.

लातूर_अडतलाईन
एका अक्षराचं फंक्शन करून ठेवलं की एस्केपिंग हाताला बसतं. आणि स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर बऱ्याचदा एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सोय, नसतं, कंपोझर चालवायचा कुठं?

नांदेड_बॅकएंड
आपल्याच लॅपटॉपवर. मग कंपोझरनं लायब्रऱ्या भरलेलं व्हेंडर फोल्डर एफटीपीनं सर्व्हरवर चढवायचं. हाताला तुमच्या बसेल हो, पण उद्या साईट दुसऱ्या पोराकडं गेली तर?

परभणी_शिकवणी
मी शिकवतो, म्हणून बोलतो. लेकरं थेट लारावेल, म्हणजे ब्लेड ज्यात येतं ते पीएचपीचं फ्रेमवर्क, शिकायलेत. ब्लेडमध्ये एक्स्टेंड्स लिहितात, पण लेआउट पानाला जोडला कसा जातो ते विचारलं की गप्प. आधी इन्क्लूड हातानं करू द्या.

आणि तुम्हा दोघांचंही एक राहिलं. इन्क्लूडला फाईल सापडली नाही तर फक्त वॉर्निंग येते, पान पुढं चालतं. रिक्वायर तिथंच थांबवतं. पुष्कळ जण लॉगिनची तपासणी हेडरच्या फाईलमध्येच कोंबतात. पान उपफोल्डरमध्ये हलवलं, मार्ग चुकला, हेडर आलाच नाही, की ॲडमिनचं पान विनातपासणी उघडं! मेनू नसल्यामुळं पान नुसतं विद्रूप दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं सजावटीचं सीएसएस गंडलंय. तपासणी लेआउटमध्ये नकोच. ती पानाच्या सगळ्यात वर, वेगळ्या फाईलमध्ये, चालू फाईलचं फोल्डर सांगणाऱ्या डिर कॉन्स्टंटनं पूर्ण मार्ग देऊन रिक्वायर करा.

नांदेड_बॅकएंड
सर, हे शंभर टक्के पटलं. ट्विग घेतलं तरी ते काम टेम्प्लेटचं नाहीच.

लातूर_अडतलाईन
मलाही मान्य. बाजारभावाच्या साईटला मी ट्विग लावणार नाही, माझं मत तेच आहे. पण जिथं बाहेरची माणसं मजकूर भरतात आणि टेम्प्लेट दोघं-तिघं मिळून लिहितात, तिथं नांदेडकरांचं ऐकावं.