वेबसाइट कोणासाठी करायची: पैसे देणाऱ्यासाठी की वापरणाऱ्यासाठी?

दर्यावर्दी
मी कोकणातल्या होमस्टे आणि आंबा बागायतदारांच्या वेबसाइट करतो. सध्याच्या एका होमस्टेच्या मालकांना पहिल्या पानावर आपोआप सुरू होणारा ड्रोनचा व्हिडिओ हवाय, त्याखाली सरकते फोटो, आणि फोन नंबर बॅनरच्या चित्रातच. मी विरोध केला, तर म्हणाले, "साइट आमची आहे ना?"

माझं मत स्पष्ट आहे. मालक ती साइट उद्घाटनाच्या दिवशी बघतील, पाहुणा मात्र रोज. मुंबईहून निघालेलं कुटुंब कशेडी घाटाच्या आसपास आहे, रेंज येते-जाते. त्यांना एवढंच हवंय: खोली आहे का, भाडं किती, वळायचं कुठे. चित्रातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा हा गूगलचा निकष आहे, आणि तो जड व्हिडिओ नेमका त्याच्या आड येतो. मालकाच्या हौसेपेक्षा पाहुण्याची सोय मोठी, असं मी मानतो.

हिशेबनीस
साफ असहमत. घाटातला माणूस बुकिंग करूनच निघालेला असतो. निर्णय त्याआधी घरी, सोफ्यावर बसून, वायफायवर होतो, आणि तो फोटो-व्हिडिओ बघूनच होतो. रस्त्यात लागणारा नंबर आणि नकाशा गूगल मॅप्सवर मिळतो.

दुसरं म्हणजे, त्या माणसाने कर्ज काढून घर उभं केलंय. आपलं घर वरून कसं दिसतं हे जगाला दाखवावंसं वाटणं याला नुसती हौस म्हणून बाजूला सारू नका. त्याच्या धंद्याची पारख आपल्यापेक्षा त्यालाच जास्त आहे. आणि तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा कोणीतरी निम्म्या पैशात करून देईल, तेही वाईट.

अक्षरवेडी
दोघेही व्हिडिओवर अडलात. मराठी साइटचं खरं दुखणं मजकुरात आहे. माहितीपत्रक श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं असतं. ते थेट चिकटवलं की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. मग डीटीपीवाल्याकडून त्याचं चित्र करून घेतात आणि पान तयार! ते चित्र मोबाइलवर मोठं केलं की अक्षरं फुटतात, अंध वाचकाचं स्क्रीन रीडर त्यावर गप्प बसतं, आणि "गुहागर घरगुती जेवण" असं शोधणाऱ्याला ते पान सापडणं अवघड.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत बदलून घ्या, पण नंतर ओळ न् ओळ वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. "दऱ्याखोऱ्या"चं "दर्याखोर्या" झालेलं मी छापील पत्रकातही पाहिलंय. पानाची भाषा मराठी म्हणून कोडमध्ये नोंदवा, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं नकोत. साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण (काँट्रास्ट) किमान 4.5 : 1 असावं, हे सुगम्यतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या निकषांतच आहे. यातलं काहीही ग्राहक कधीच मागणार नाही. म्हणून "तो म्हणेल ते" हे तत्त्व मला पटत नाही.

हिशेबनीस
पटलं, पण हा वेळ कोण मोजतो? पंधरा हजारांच्या कामात प्रूफ वाचत बसलं तर हातात काय उरतं? मजकूर युनिकोडमध्ये, तपासून देणं ही ग्राहकाची जबाबदारी, असं कोटेशनमध्येच लिहा. नाहीतर त्याचे वेगळे पैसे लावा. फुकट केलेल्या कामाची किंमत राहत नाही.

खारेपाटणकर
ग्राहक मागत नाही अशी आणखी एक गोष्ट: डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर हवं. आमच्या भागातल्या एका शाळेचं डोमेन साइट करणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्याने धंदा बंद केला, नूतनीकरण राहिलं, साइट गेली. ग्राहकाचा मान राखायचा असेल तर इथून सुरुवात करा.

दर्यावर्दी
डोमेनबद्दल शंभर टक्के. आणि हिशेबनीस, बुकिंग घरून होतं हा तुमचा मुद्दा मी मानतो. म्हणून मालकांना असं सुचवतोय: पहिल्या पडद्यावर ड्रोनमधला एकच उत्तम फोटो, हलका करून. त्यावर बोट ठेवलं की व्हिडिओ सुरू. (आवाजासकट आपोआप तो तसाही चालणार नाही, क्रोमने 2018 पासून ते बहुतेक ठिकाणी अडवलंय.) नंबर मात्र मजकुरातच, दाबला की फोन लागणारा. या एका गोष्टीवर मी मागे हटणार नाही, काम गेलं तरी.

हिशेबनीस
काम घालवायची गरज नाही. बॅनरमध्येही नंबर राहू दे आणि खाली दाबायचं बटणही दे. मालकांना त्यांच्याच फोनवर, वायफाय बंद करून, दोन्ही दाबून बघायला सांगा. सरकत्या फोटोंबाबत मात्र मी त्यांच्याच बाजूने आहे. खोली, न्हाणीघर, अंगण, जेवणाचं ताट हे सगळं बघितल्याशिवाय कोणी आगाऊ पैसे पाठवत नाही.

अक्षरवेडी
फोटो दाखवा, पण ते आपोआप सरकवू नका. माझ्या आईचं वाचून होण्याआधीच पुढचा येतो.