आईचा अल्झायमर्स काकांपेक्षा वेगळा का वाटतो?

पंचवटीकर यांचा प्रश्न:
आमच्या घरात दोघांना अल्झायमर्स झाला आहे. थोरले काका एकच प्रश्न वारंवार विचारू लागले, तेव्हा पहिल्याच तपासणीत निदान झाले. आई 71 वर्षांची, निवृत्त मराठी शिक्षिका. दोन वर्षांपासून रविवार कारंजावरून होळकर पुलाकडे येताना ती वाट चुकत होती आणि दूधवाल्याला दोनदा पैसे देत होती. पण डॉक्टरांसमोर बसली की इतकी नीटस बोलायची की स्मरणशक्तीच्या चाचणीत 30 पैकी 27 गुण मिळवून, ‘वयोमानानुसार आहे’ असा शेरा घेऊन आम्ही परत यायचो. यंदा निदान झाले, तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेला होता, आणि आता ती काकांपेक्षा झपाट्याने खालावत आहे. स्त्रियांमध्ये हा आजार खरोखर वेगळा असतो, की आमचेच लक्ष कमी पडले?

स्मृतिविकार चिकित्सालयात काम करणाऱ्या सदस्येचे उत्तर:
तुमचे लक्ष कमी पडले, असे कृपया मनात आणू नका. शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा सरस असतात, आणि मेंदूतील बिघाड सुरू झाल्यावरही ही शिदोरी त्यांना काही काळ पुरते. त्यामुळे स्त्री-पुरुषांना एकच मोजपट्टी लावली, तर स्त्रीचा आजार सुरुवातीला त्या मोजपट्टीत सापडतच नाही. ती शिदोरी संपली की घसरण वेगाने दिसू लागते. आयुष्यभर भाषा शिकवलेल्या आईंच्या बाबतीत हे अधिकच घडू शकते. म्हणून एकदाच मिळालेल्या गुणांपेक्षा, ‘पूर्वी ही व्यक्ती काय सहज करत असे आणि आता काय अडते’ हे घरच्यांनी लिहून नेलेले टिपण मला अधिक मोलाचे वाटते.

स्त्रियांचे आयुर्मान जास्त, हे कारण आहेच, पण ते पुरेसे नाही. एपीओई-4 हे अल्झायमर्सशी जोडलेले जनुक स्त्रियांमध्ये, विशेषतः 65 ते 75 या वयात, पुरुषांपेक्षा अधिक धोका निर्माण करते. शिवाय या आजारात अमायलॉइड आणि टाऊ ही दोन प्रथिने मेंदूत साचतात; त्यांपैकी अमायलॉइडचे प्रमाण सारखे असतानाही स्त्रियांच्या मेंदूत टाऊ अधिक साचलेले आढळते. भारतात शिक्षणाचाही मुद्दा येतो, कारण कमी शिक्षण झालेल्यांना धोका जास्त असतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश (अल्झायमर्स हा त्याचाच एक प्रकार) आहे, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. ज्या पिढीतील मुलींना चौथीनंतर घरी बसवले, तीच पिढी आज या वयात आहे.

नाशिकरोडच्या एका ज्येष्ठ सदस्यांचे उत्तर:
माझ्या पत्नीला हा आजार आहे. भाजीत दोनदा मीठ पडले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, तेव्हा मी वर्षभर तिच्यावर चिडत राहिलो. मी स्वतः पेन्शनच्या अर्जात एक आकडा चुकलो असतो, तर सगळे घर मला त्याच आठवड्यात दवाखान्यात घेऊन गेले असते. बाईच्या हातून घर चालते म्हणून तिच्या चुका आपण निष्काळजीपणात जमा करतो. सुनेने हे माझ्याआधी ओळखले होते, पण बोलायला ती कचरत होती. आता पत्नीची आंघोळ, वेणी मी करतो, कारण सुनेला नोकरीही आहे आणि तिची स्वतःची आईही आजारी आहे.

पंचवटीकर:
आपण दोघांनी लिहिलेले वाचून मन हलके झाले. धाकट्या मावशीची पाळी नुकतीच गेली आहे. या आजारापासून बचाव म्हणून तिने हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का?

स्मृतिविकार चिकित्सालयातील सदस्या:
केवळ त्यासाठी घेऊ नयेत. 2003 मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत, 65 वर्षांपुढे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र सुरू केलेल्या स्त्रियांमध्ये स्मृतिभ्रंश कमी होण्याऐवजी वाढला. पाळी जाण्याच्या सुमारास उष्णतेच्या झळांचा फार त्रास होत असेल, तर तो वेगळा विचार आहे आणि तो स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावा. मावशींचा रक्तदाब, मधुमेह आणि ऐकू येण्याची क्षमता मात्र आताच तपासून घ्या. आईंची थायरॉइड आणि बी-12 ची तपासणी झाली नसेल, तर तीही करून घ्या, कारण ती कमतरता भरून निघू शकते.