वर्ल्डला व्हॉल्यूम लावलं की रेंडर काळं का पडतं

कोकणातल्या घराच्या पावसाळी दृश्यासाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्डला (दृश्याभोवतीच्या पार्श्वभूमीला) व्हॉल्यूम स्कॅटर (उजेड विखुरणारं धुकं) लावलं आणि रेंडर, म्हणजे तयार होणारं चित्र, सगळं काळं पडलं, असं का, हे एकाने विचारलंय. वर्ल्डच्या व्हॉल्यूमला अंत नसतो, त्यामुळे सन लाइट आणि एचडीआरआयचा (आकाशाच्या ३६० अंशी फोटोचा) उजेड घरापर्यंत पोचतच नाही. व्हॉल्यूम वर्ल्डमधून काढा आणि घर व कॅमेरा आत मावेल एवढ्या क्यूबला लावा. डेन्सिटी (धुक्याची दाटी) ०.०१ असेल तर ५० मीटरवरून सुमारे ६० टक्के उजेड थेट येतो, ०.०२ ला जेमतेम ३७. त्याच्या वर गेलात की मागची माडांची रांग पुसलीच म्हणून समजा.

सादरीकरण उद्यावर आलं असेल तर मिस्ट पास (अंतरानुसार फिकट होत जाणारं करडं चित्र) काढून धुकं फोटोशॉपमध्ये चढवा. झेड पास (प्रत्येक पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर) नको. त्याच्या कडा गुळगुळीत नसतात, म्हणून झावळ्यांच्या कडेने दातेरी रेघ उमटते. धुक्याला पांढरा रंग देऊ नका, क्षितिजालगतच्या आकाशाचा उचला.

खरा पावसाळा मात्र जमिनीवर दिसतो. जांभा भिजला की छिद्रांत पाणी भरतं, रंग गडद होतो, चमक येते. मटेरियलचा बेस कलर (मूळ रंग) तिसऱ्या हिश्शाने उतरवा, रफनेस (खरखरीतपणा) ०.८ वरून ०.३ वर आणा, पण मास्क (कुठे किती ओलं ते ठरवणारं चित्र) रंगवूनच: पागोळ्या पडतात तो पट्टा सगळ्यात ओला, पायऱ्यांच्या कडा त्याहून कमी, पडवीची आतली भिंत कोरडी. सगळं सारखंच चमकवलं तर जांभ्याचा चिरा प्लास्टिकचा वाटतो. पडवीतला दिवा ३००० केल्विनच्या आसपास ठेवा, त्याचा पिवळा पट्टा ओल्या पायरीवर उतरू द्या.