मदत हवी आहे: खाणं सुधारलं, पण दात सणकायला लागले

चार महिन्यांपूर्वी बिस्किटं आणि गोड चहा सोडला. त्याऐवजी सकाळी लिंबूपाणी, दिवसभर थोडी थोडी फळं. वजन उतरलं, पण आता गार पाणी लागलं की खालचे पुढचे दात सणकतात. आरशात नीट पाहिलं तर त्यांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसतात. तेव्हापासून धास्ती घेतली आहे.

दंतवैद्यांना दाखवलं. कीड नाही, आम्लामुळे एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, झिजतंय म्हणाले. फ्लोराइडची, सेन्सिटिव्ह दातांसाठीची पेस्ट तीन आठवडे वापरतोय. ब्रश मऊ आहे. लिंबूपाणी बंद केलंय, फळं खाल्ली की चूळ भरतो आणि ब्रश अर्ध्या तासानंतरच. सणक कमी झाली, गेली नाही.

किती खातो यापेक्षा किती वेळा खातो हे दातांना जास्त बाधतं, कारण मध्ये लाळेला सावरायला वेळच मिळत नाही, हे आता कळलंय. पण माझं काम असं, की दर तीन तासांनी काहीतरी पोटात लागतंच. दूध आणि चीज पचत नाही. आम्लपित्त नाही.

तर मधल्या वेळी आंबट-गोड नसलेलं, दाताला न चिकटणारं असं तुम्ही काय खाता? आणि फळं फक्त जेवणासोबत खाऊन कुणाची सणक थांबली का, साधारण किती दिवसांत?