'कबुली' कुणाची, कुठली
'निकालपत्र समोर असतं, ते उतरवून काढायचं. कोर्टाच्या बातमीत अप्रामाणिकपणाला वाव कुठाय?' असं कोर्टाच्या बातम्यांवरच्या या चर्चेत वर कुणी म्हटलंय. पटलं नाही. बहुतेक बातम्या निकालाच्या नसतातच, रिमांड (आरोपीला कोठडीत ठेवायचं का, याची सुनावणी) आणि जामिनाच्या असतात. पत्रकारिता शिकताना कोल्हापुरात कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात महिनाभर जात होतो. मागच्या बाकावर निम्मं ऐकूच येत नाही. एकदा सरकारी वकील म्हणाले, आरोपीनं पोलिसांकडं गुन्हा कबूल केलाय. बचावाच्या वकिलांनी जागेवरच नाकारलं. तेही माझ्या वहीत होतं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'आरोपीची न्यायालयात कबुली'. मथळा माझा नव्हता, पण नकाराचं वाक्य मीच शेवटी टाकलं होतं, आणि जागा कमी पडली की शेवटचंच आधी उडतं.

पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही, हे इथं कुणी लिहिलं नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं २३. कोठडीतल्या आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात घेतात. हे मला बातमी छापून आल्यावर एका ज्युनिअर वकिलानं कॅन्टीनमध्ये सांगितलं, तेही हसत हसत.